जगधने मॅडमचे दोन मार्क

जगधने मॅडमनी मला इंग्रजीत दोन मार्कांनी नापास केलं, ही गोष्ट मी आजवर हजारभर लोकांना तरी सांगितली असेल. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या दुकानात सांगितली, सांगलीच्या दुकानात सांगितली, लग्न ठरताना बायकोला आणि सासऱ्यालाही सांगितली. ऐकणारे हसतात. एखादा म्हणतो, "दोन मार्कांचं काय एवढं?" मग माझं डोकं फिरतं. ज्याचे गेले त्याला विचारा म्हणावं.

मी पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. बारावी कशीबशी काढून साताऱ्याला बी.कॉम.ला आलो. सकाळी कॉलेज आणि दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात काम. मॅडम आम्हाला पहिल्या वर्षाला सक्तीचं इंग्रजी शिकवायच्या. तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर असतील. उंची बेताची, आवाज बेताचा, पण मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं की त्या बोलायच्या थांबत आणि हसून म्हणत, "कारण?" बस्, एवढंच. कुजबुजणाऱ्याला उभं राहून कुजबुजण्याचं कारण सांगावं लागे. कारण पटलं तर बसायला मिळे. एकदा एकाने सांगितलं, "मॅडम, डब्यात आज अंडी आहेत, ते मित्राला सांगत होतो." मॅडम म्हणाल्या, "पटलं. बस."

त्यांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसायचा, खडू असायचे. चष्मा नाकावर असायचा नाहीतर कपाळावर. कॉलेजचा खडू मागायला ऑफिसात गेलं की तिथला कारकून वहीत सही घ्यायचा, आणि सहीच्या रकान्यापुढे 'कायम की तासिका' असं विचारायचा. मॅडमनी त्यापेक्षा स्वतःचे खडू घेतले.

तासिका तत्त्व म्हणजे काय, ते सांगतो. तास घेतला की त्या तासाचे पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आली, मोर्चा निघाला की काही नाही. एप्रिलमध्ये नेमणूक संपते आणि जूनमध्ये त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत. मॅडमनी अशी वीस वर्षं काढली. आठवड्याचे पहिले तीन दिवस साताऱ्यात, पुढचे तीन सांगलीच्या कॉलेजात, आणि मधे एस.टी. दर जूनला दोन्ही ठिकाणी स्वतःच्याच खुर्चीसाठी मुलाखत द्यायची. खुर्ची हे आपलं म्हणायला. स्टाफरूममधल्या खुर्च्या कायम लोकांच्या असत, त्यामुळे मॅडम लायब्ररीच्या कोपऱ्यात बसत. एका वर्षी तर समोर तज्ज्ञ म्हणून त्यांचाच विद्यार्थी बसला होता. त्याने घाबरत विचारलं, "मॅडम, आपल्या अध्यापनाचा अनुभव सांगाल?" मॅडम म्हणाल्या, "तू सांग की. तू तीन वर्षं घेतलास."

तर त्या लायब्ररीच्या कोपऱ्यात मी निकालाच्या दिवशी गेलो होतो. इंग्रजीत एकतीस, पासाला पस्तीस. ग्रेसचे मार्क मी आधीच अकाउंट्सला वापरून बसलो होतो. पहिल्या वर्षाचे पेपर कॉलेजातच तपासत, म्हणजे सगळं मॅडमच्या हातात होतं. मी त्या वयातही सौद्याला पक्का होतो. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी फुकट काढल्याशिवाय पिशवी उचलायचो नाही.

"मॅडम, चार मार्कांचा प्रश्न आहे."

"कुणाचा?"

"माझा. तुमचं चार मार्कांत काय जातंय? माझं वर्ष जातंय."

मला वाटलं ओरडतील. त्यांनी उठून गठ्ठ्यातून माझा पेपर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "बस. तूच शोध. सापडले तर देते."

मी तासभर पेपर चाळला. शेवटच्या पानावर मागच्या बाजूला एक उत्तर तपासायचं राहिलं होतं. मी ओरडलोच. मॅडमनी ते वाचलं, दोन मार्क दिले, माझ्यासमोर बेरीज बदलली आणि म्हणाल्या, "माफ कर. हे दोन माझे चुकले होते. आता तुझे दोन शोध."

ते काही सापडेनात. शेवटी त्यांनीच पत्राच्या प्रश्नावर बोट ठेवलं. नवा घेतलेला पंखा खराब निघाला, दुकानदाराला तक्रारीचं पत्र लिहा, असा प्रश्न होता. मी दुकानदाराला चोर म्हटलं होतं, लबाड म्हटलं होतं, त्याच्या बापाचंही नाव घेतलं होतं.

"तक्रार जोरात केली आहेस," मॅडम म्हणाल्या, "पण तुला हवं काय? पंखा बदलून हवा, का पैसे परत हवेत? ते पत्रात कुठंच नाही. नुसतं भांडलास. त्याचे दोन मार्क. शोध, सापडलं तर देते."

नव्हतंच, तर सापडणार कुठून?

तेहेतीस. इंग्रजी पुढच्या वर्षी सोडवता आलं असतं, एक विषय राहिला तर पुढे जायला मिळायचं. पण मला राग आला. मी त्याच दिवशी कॉलेजचा दाखला काढला. पुढे झेरॉक्सचं मशीन हप्त्यावर घेतलं, मग दुकान, मग सांगलीला दुसरं दुकान. आता ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट, शिक्के, दाखले, सगळं आमच्याकडे होतं. जे झालं ते माझ्या हिमतीवर झालं. आणि प्रत्येक पायरीवर मी मनात म्हणत होतो, बघा मॅडम, तुमच्या दोन मार्कांवाचून काही अडलं का.

मॅडम मात्र दाखला काढल्यानंतरच्या आठवड्यातच, मी कामाला होतो त्या दुकानात झेरॉक्सला आल्या. जणू काही झालंच नव्हतं. "संपत, पाठपोट काढ, कागद वाचतो." मी पैसे घेईना, त्या दिल्याशिवाय जाईनात. साऱ्या साताऱ्यात माझ्याशी घासाघीस न करणारं हे एकच गिऱ्हाईक. मला ते आवडायचं नाही. घासाघीस नाही तर बोलायचं काय माणसाशी?

त्यांचे वडील अण्णा मात्र माझ्या जातकुळीचे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. पत्नी लवकर गेल्या, एकुलती मुलगी भारती, म्हणजे आमच्या मॅडम, त्यांनीच वाढवली. त्यांच्या वस्तीत डॉक्टरेट मिळवणारी भारती पहिली. त्या पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी अण्णा सगळी सर्टिफिकिटं रेक्झिनच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. माझं लॅमिनेशनचं मशीन तेव्हा नवं होतं.

"ह्या सगळ्याला प्लास्टिक मार. किती घेतूस?"

मी भाव सांगितला.

"आरं, मी काय मंगल कार्यालयाचं फर्निचर मढवाय आलूय व्हय? नीट बोल."

अर्धा तास आमचं चाललं. शेवटी बाकीच्या कागदांचे पैसे ठरले आणि डॉक्टरेटचा कागद मी मानाने फुकट करून दिला. अण्णांनी दुकानातली बादली ओढली आणि त्या कागदाचं एक टोक पाण्यात बुडवून बघितलं. पुसलं. पुन्हा बुडवलं. मग डोळे पुसले.

त्या रडण्याचं कारण होतं. अण्णांचा शाळेचा दाखला गावाकडे छप्पर गळून भिजला आणि त्याचा लगदा झाला. एस.टी.ने त्यांची जन्मतारीख अंदाजाने लिहिली आणि ती दोन वर्षं आधीची लिहिली. दोन वर्षं आधीच त्यांना घरी बसवलं. "माझा कागद पाण्यानं खाल्ला," ते म्हणायचे, "हिचा न्हाई खाऊ देनार."

मधे एक वर्ष मॅडम माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजीची कायम जागा निघाली होती. संस्थेच्या सचिवांनी मॅडमना बोलावून इमारत निधीचा विषय काढला. सगळ्यांना कळतो तोच अर्थ. मॅडम नमस्कार करून बाहेर पडल्या. हे मला अण्णांकडून कळलं आणि मी, कुणी सांगितलं नसताना, सचिवांकडे गेलो. अर्धा दिवस बसलो, त्यांचा चहा तीनदा प्यालो, दोनदा उठून दारापर्यंत गेलो. शेवटी आकडा निम्म्यावर आणला, तोही तीन तुकड्यांत. आयुष्यातला माझा सगळ्यांत चांगला सौदा. त्याच पावली एस.टी. स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मॅडमना गाठलं आणि सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कशाचा भाव केलास?"

"नोकरीचा."

"कुणाच्या?"

"तुमच्या, मॅडम."

"माझी नोकरी विकायला काढली आहे हे मला माहीत नव्हतं. तू ती निम्म्याला काढलीस." एवढं बोलून गाडीत चढल्या. त्या दिवसापासून झेरॉक्सला समोरच्या दुकानात. समोरच्या! त्याचं मशीन काळे पट्टे मारतं. मी पायरीवर उभा राहून बघायचो, त्या काळे पट्टे मारलेले कागद घेऊन माझ्यासमोरून जायच्या. मानेने ओळख द्यायच्या, थांबायच्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "संपत, पाठपोट." मी म्हणालो, "त्याचे पट्टे आवडले नाहीत वाटतं?" तर म्हणाल्या, "शिक्षा कुणाला होती, तुला का मला, तेच मला कळेना झालं."

परदेशातल्या नोकरीचं सुरू झालं ते माझ्या सांगलीच्या दुकानात. एका द्राक्षबागायतदाराची मुलगी बाहेर शिकायला जाणार होती. मॅडम तिला फॉर्म भरून देत होत्या. अमुक विद्यापीठ, तमुक विद्यापीठ अशी पानं उघडता उघडता एका पानावर त्या थांबल्या. मुलगी गेली तरी त्या तिथंच. मग प्रिंट मारला. माझ्या दुकानात प्रिंट माझ्या हाताखालून जातो. ओमानमधल्या एका विद्यापीठाला इंग्रजीचे अध्यापक हवे होते. नव्या माणसाचं वय पन्नासच्या आत.

"हे कुणासाठी, मॅडम?"

"शाई फिकी आहे. पुन्हा काढ."

त्या तेव्हा एकोणपन्नास पूर्ण करून पुढे गेल्या होत्या. डिसेंबरात पन्नास. म्हणजे हे नाही जमलं तर पुन्हा जून, पुन्हा स्वतःच्या खुर्चीची मुलाखत, आणि तेही किती वर्षं देता आलं असतं कुणास ठाऊक. सांगलीच्या कॉलेजात त्या वर्षी तास निम्मे केले होते.

फॉर्म भरताना आमचं वाजलं. एक रकाना होता, पूर्ण वेळ अध्यापनाचा अनुभव किती वर्षांचा. मॅडमनी शून्य लिहिलं.

"मॅडम! वीस वर्षं!"

"पूर्ण वेळ कुणी दिला मला? शून्यच."

"कोण बघायला येतंय तिकडून?"

"मी बघते आहे ना." पण मग त्यांनी एक वेगळा कागद तयार केला. वीस वर्षांच्या नेमणुकीची पत्रं पिशवीत होतीच. त्यावरून एकेका वर्षाचे, एकेका कॉलेजचे, घेतलेले तास लिहिले. किती मुलं, कोणते वर्ग. शेवटी एक ओळ टाकली की यातला प्रत्येक तास मी प्रत्यक्ष वर्गात उभं राहून घेतलेला आहे. ज्या तासांनी त्यांना कायम होऊ दिलं नाही, तेच त्यांनी समोर मांडले. मी दुकानदार माणूस, मला ते बघून कळलं की ही बाई मला वाटते त्यापेक्षा हुशार सौदा करते.

दीड महिन्याने उत्तर आलं. मुलाखत व्हिडिओवर. सांगलीत मॅडम राहायच्या त्या लेडीज होस्टेलला नेट नीट नाही म्हणून माझ्या दुकानातली आतली खोली ठरली. दिवस ॲडमिशनचे, दुकानासमोर रांग. मी शटर ओढलं आणि सगळी मशीनं बंद केली. बाहेर पोरं शटर बडवायला लागली. मी फटीतून तोंड काढून सांगितलं, "तासाभरात उघडतो. आवाज केला तर एकाचाही फॉर्म भरणार नाही, वर्ष वाया जाईल." शांत झाली.

आदल्या दिवशी मी मॅडमना एकच धडा दिला होता. "मॅडम, त्यांनी पगार सांगितला की लगेच हो म्हणायचं नाही. चार श्वास गप्प बसायचं. समोरचा आपणहून काहीतरी वाढवतो."

पडद्यावर तिघं होती, मधे पांढऱ्या केसांच्या एक बाई. मी कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर. सुरुवातीचं बरं गेलं. मग त्या बाईंनी सांगितलं, दहा मिनिटं शिकवून दाखवा. मॅडम म्हणाल्या, विद्यार्थी हवा. बाई म्हणाल्या, समजा आम्हीच विद्यार्थी. मॅडमनी मान हलवली, "तुम्हाला इंग्रजी येतं." आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "संपत, इकडे ये. बस."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. मॅडमनी त्यांना इंग्रजीत माझी ओळख करून दिली. हा माझा वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. तक्रारीच्या पत्रात हा दोन मार्कांनी नापास झाला. आज तोच धडा पुन्हा घेते. मग मला म्हणाल्या, "कम्प्लेन, संपत. एनीथिंग."

इंग्रजीत मी बँकेपुरता आणि पासपोर्टपुरता बोलतो. पण तक्रार म्हटल्यावर वीस वर्षांचं वर आलं. म्हणालो, सर, मॅडम, आय हॅव वन कम्प्लेंट, अगेन्स्ट धिस मॅडम. शी फेल मी. ओन्ली टू मार्क. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रीझन?" मी कारण दिलं. त्यांनी त्या कारणातलं एक वाक्य पकडलं आणि मला नीट बोलायला लावलं. मग दुसरं कारण मागितलं. मी हातवारे करायला लागलो, आवाज चढला, बाहेर शटरजवळ पोरं पुन्हा गोळा झाली. त्या मला अडवायच्या, शब्द द्यायच्या, पुन्हा सोडायच्या. पडद्यावरचा एकजण लिहायचा थांबून हनुवटीला हात लावून ऐकत होता. शेवटी मॅडमनी विचारलं, "गुड. नाऊ, व्हॉट डू यू वॉन्ट?"

मी तोंड उघडलं. मिटलं. दोन मार्क हवेत म्हणावं, तर एवढा कारभार वाढल्यावर दोन मार्क घेऊन करू काय?

मॅडम पडद्याकडे वळून म्हणाल्या, हा भाग अजून शिकवायचा राहिला आहे, याला मला आणखी एक तास लागेल. त्या पांढऱ्या केसांच्या बाई मोठ्याने हसल्या.

मग पगार सांगितला गेला. मी स्टुलावरून खूण केली. मॅडमनी खरंच चार श्वास घेतले. पडद्यावरची तिघं एकमेकांकडे बघायला लागली. आता आकडा वाढणार तेवढ्यात मॅडम बोलल्या. मला पगार पुरेसा आहे. मला असं घर हवं जिथं माझे वडील येऊन राहू शकतील. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, जिना नको. मी कपाळावर हात मारला. पडद्यावरच्या बाईंनी तिथंच हो म्हटलं. तीन महिन्यांनी घर, तळमजल्यावर.

नेमणुकीच्या पत्राबरोबर कागदांची यादी आली. सगळ्यांत वरच्या पदवीच्या मूळ कागदावर सरकारी शिक्के हवेत, पाच आठवड्यांत. शिक्क्यांचं काम तर माझंच. मी ऐटीत म्हणालो, कागद आणा. अण्णांनी रेक्झिनच्या पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. चकचकीत, कडक, बारा वर्षांत एक डाग नाही. मी उचलला, उलटून बघितला आणि तसाच खाली ठेवला. शिक्का प्लास्टिकवर मारत नाहीत. मीच गिऱ्हाइकांना रोज ओरडत असतो, लॅमिनेट केलेलं परत न्या, चालत नाही. आणि हा माझ्याच मशीनमधून काढलेला, मानाने, फुकट.

विद्यापीठात नवी प्रत मागायला गेलो. कारकुनाने हळू आवाजात मार्ग सांगितला. "हरवली म्हणून लिहा, पोलिसांचा दाखला जोडा, पंधरा दिवसांत दुसरी मिळेल. हे असं म्हणाल तर तीन महिने." मी लिहायला घेतलं. मॅडमनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः अर्ज लिहिला. पदवी हरवलेली नाही. पावसात भिजू नये म्हणून माझ्या वडिलांनी ती लॅमिनेट करून घेतली, ती सोबत दाखवत आहे. कारकुनाने आमच्याकडे असं बघितलं की मी शरमलो.

बाहेर आल्यावर मी फुटलो. भर रस्त्यात. "एक खोटं लिहायला काय जात होतं? वीस वर्षं लोकांनी तुम्हाला काय काय लिहून दिलं, त्यात खरं किती होतं? त्यांना चालतं, तुम्हाला चालत नाही! डिसेंबर आला, मॅडम!"

"संपत, तो पंखा खराब होता. दुकानदार चोर नव्हता."

"हे काय मधेच?"

"काही नाही. चल, भूक लागली."

मार्ग निघाला तो मुंबईतल्या माझ्या एका धंद्यातल्या ओळखीच्या माणसाकडून. शिक्के कागदाच्या मागच्या बाजूला मारतात. मागचं प्लास्टिक निघालं आणि कागद धड राहिला, तर चालेल. मी म्हणालो, मी काढतो. अण्णांनी मला हाताने बाजूला केलं. "मी घातलंय, मीच काढनार."

अण्णांच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. माझ्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर, एक पातळ पातं आणि एस.टी.तल्या हत्यारांतला एक पत्रा. अण्णांचा हात चहाचा कप धरताना थरथरायचा. पातं धरलं आणि थरथर गेली. आधी कडा कापली. मग गरम हवा, मग पात्याने केसभर उचलायचं, मग थांबायचं.

"भारते, धर हितं. वढू नगं. नुसतं धर."

मॅडम धरून बसल्या. सकाळी दहाला सुरू केलं ते दुपार झाली. मधे एका कोपऱ्यात चर्र झालं. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागदाचा पापुद्रा प्लास्टिकबरोबर आला. अण्णांचा हात थांबला. मॅडमनी कागद उलटून बघितला. पुढच्या बाजूची अक्षरं शाबूत होती. त्यांनी कागद पुन्हा पालथा ठेवला, त्याच जागी बोट धरलं आणि म्हणाल्या, "अण्णा, बरोबर चाललंय. पुढं." वर्गात अडखळणाऱ्या पोराला म्हणायच्या, त्याच आवाजात.

निघालं सगळं. अण्णांनी ते प्लास्टिकचं साल उजेडाकडे धरून बघितलं आणि मला म्हणाले, "संपतराव, माल चांगला हुता तुमचा. लय चिवट." मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

शिक्के मुदतीच्या तीन दिवस आधी झाले.

निघायच्या दिवशी सकाळी मुंबईच्या गाडीला मी स्टँडवर गेलो. अण्णा आले नव्हते. घरीच म्हणाले होते, "मी आलू तर गाडीत चढू द्यायचा न्हाई तुला. तीन म्हैन्यानं येतूच की." ते तीन महिने रोज दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडे जायचं मी कबूल केलं होतं. कबूल कसलं, मॅडमनी सांगितलं आणि मी भाव न करता हो म्हटलं.

मॅडम चालकाच्या मागच्या सीटवर खिडकीत बसल्या होत्या, वीस वर्षं सांगलीच्या गाडीत बसायच्या तशाच. मांडीवर पिशवी, चष्मा कपाळावर. मी पेढ्यांचा पुडा आत दिला. बाकीची बॅग कुठं आहे विचारलं, पासपोर्ट बघितला, पुन्हा बघितला. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायलाच लागलो. खिडकीखाली उभा राहून, हात नाचवत. इथल्या लोकांनी तुम्हाला बसायला खुर्ची दिली नाही. खडूसाठी सही मागितली. आता तुम्ही गेल्यावर त्यांना कळेल, नाही कळणार, त्यांना कधीच काही कळत नाही. आणि तुम्ही तरी काय, एक वर्ष समोरच्याकडे गेलात, काळे पट्टे घेऊन माझ्या दारावरून. ओमानचं पहिल्या दिवशी मला सांगितलं नाहीत, शाई फिकी म्हणालात. आणि माझे दोन मार्क. बाजूच्या फलाटावरचे लोक बघायला लागले. वाहकाने घंटी मारली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीच्या गजावर हात ठेवून, माझ्याकडे वाकून विचारलं, "बरं. आणि तुला हवं काय, संपत?"

मला माहीत होतं. अगदी जिभेवर होतं, दोनच शब्दांचं होतं. मी नुसता गज धरून उभा राहिलो. गाडी मागे सरकली तेव्हा गज सोडावा लागला.

गाडी वळली आणि त्यांची खिडकी पुन्हा माझ्या बाजूला आली. मॅडम हसत होत्या, पण चष्मा कपाळावरून काढून पदराने पुसत होत्या. मग तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढून मला दाखवले. या हाताची तीन बोटं आणि त्या हाताची तीन. तेहेतीस.